ड्वाइट यॉर्कची कारकीर्द कोठून मोजावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे : त्रिनिदाद आणि टोबॅगोचा ड्वाइट यॉर्क १९९८-९९ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून अफलातून खेळला, पण पुढच्या दोन-तीन वर्षांतच मागे पडला, तेव्हा त्याला एका मोसमाचा खेळाडू म्हणावे का, आणि आजच्या तरुण आघाडीपटूने त्याच्याकडून शिकण्यासारखे काही आहे का?

पहिल्या भागाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. यॉर्ककडे केवळ गोलांच्या तक्त्यातून पाहिले, तर त्याची कारकीर्द १९९५ ते २००१ या सहा वर्षांत आटोपल्यासारखी दिसते, आणि बहुतेकांचा गैरसमज तिथेच होतो. आघाडीपटूंना शिकवण्यात माझी उभी हयात गेली आहे, आणि मी मुलांना यॉर्कचे सामने दाखवतो ते त्याच्या गोलांसाठी दाखवत नाही. चेंडू पायाशी येताच तो मऊपणे थांबवणारा पहिला स्पर्श, पाठीवर बचावपटू रेलला असतानाही चेंडू राखून ठेवण्याची क्षमता आणि सहकारी कोणत्या जागेत धावणार आहे याचा आधीच बांधलेला अंदाज, या तीन गोष्टींवर त्याचा सगळा खेळ उभा होता. वयानुसार वेग कमी होतो, पण या गोष्टी टिकतात. म्हणूनच विंगर, मग सेंटर फॉरवर्ड, मग फॉरवर्डच्या मागचा खेळाडू आणि शेवटी बचावफळीच्या पुढ्यात खेळणारा मिडफिल्डर अशा जागा बदलत तो वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत वरच्या पातळीवर टिकला. त्याच्या देशाला त्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो या शेवटच्या भूमिकेत.

यॉर्कचा जन्म ३ नोव्हेंबर १९७१ रोजी टोबॅगो बेटावरील केनन या गावी झाला. त्रिनिदाद हे मोठे बेट आणि टोबॅगो हे त्याच्या ईशान्येचे लहान बेट मिळून हा देश झाला आहे. संपूर्ण देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. घरात क्रिकेट होते. त्याचा थोरला भाऊ क्लिंट यॉर्क त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून प्रथम श्रेणीचे सामने खेळला आणि ब्रायन लारा हा ड्वाइटचा जुना मित्र. टोबॅगोत बर्टिल सेंट क्लेअर या प्रशिक्षकांच्या हाताखाली त्याचे फुटबॉल घडले. १९८९ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅस्टन व्हिला संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर आला असताना व्हिलाचे तेव्हाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी या मुलाचा खेळ पाहिला आणि त्याला बर्मिंगहॅमला बोलावून घेतले.

त्याच वर्षाच्या अखेरीस जे घडले, ते समजून घेतल्याशिवाय यॉर्कच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा अर्थ लागत नाही. १९९० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतील अखेरचा सामना १९ नोव्हेंबर १९८९ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अमेरिकेविरुद्ध होता. इटलीला जाण्यासाठी त्रिनिदाद आणि टोबॅगोला बरोबरीही पुरेशी होती. एव्हरल्ड ‘गॅली’ कमिंग्ज यांच्या प्रशिक्षणाखालच्या या संघाला लोक ‘स्ट्राइक स्क्वाड’ म्हणत, आणि त्यात रसेल लटापीसारखा कसबी मिडफिल्डर तर होताच, शिवाय नुकताच अठरा वर्षांचा झालेला यॉर्कही होता. लाल कपड्यांतील प्रेक्षकांनी स्टेडियम क्षमतेबाहेर भरले होते. पहिल्या अर्ध्या तासानंतर अमेरिकेच्या पॉल कॅलिज्युरीने सुमारे तीस यार्डांवरून डाव्या पायाने मारलेला उंच फटका गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेला आणि सामना ०-१ असा संपला. हरल्यानंतरही तो अफाट जमाव शांत आणि सभ्य राहिला, म्हणून त्या वर्षीचा फिफाचा फेअर प्ले पुरस्कार त्या प्रेक्षकांना देण्यात आला. खेळाडूंना मात्र पुन्हा तशी संधी मिळायला सोळा वर्षे लागली, आणि त्यातील बहुतेकांना ती मिळालीच नाही.

व्हिलातील सुरुवातीची वर्षे धीम्या गतीची होती. मार्च १९९० मध्ये त्याने पदार्पण केले, पण पुढे बराच काळ त्याला उजव्या बगलेवर खेळवले जात असे आणि तिथे तो चांगला, पण अनियमित वाटे. व्हिलाचे नंतरचे व्यवस्थापक ब्रायन लिटल यांनी त्याला मध्यभागी आणल्यावर चित्र पालटले. १९९५-९६ च्या मोसमात त्याने प्रीमियर लीगमध्ये १७ गोल केले आणि लीग कपच्या अंतिम सामन्यात व्हिलाने लीड्सला ३-० असे हरवले तेव्हा तिसरा गोल त्याचा होता. पुढच्या मोसमातही त्याचे लीगमधले गोल १७ च होते. १९९७-९८ च्या अखेरच्या दिवशी आर्सेनलच्या डेव्हिड सीमनसमोर त्याने पेनल्टी घेतली ती चेंडू हळूच उचलून गोलच्या मधोमध टाकून. सीमन तोवर एका बाजूला झेपावला होता. हा आत्मविश्वास केवळ बेदरकारपणातून येत नाही. गोलरक्षक आधी हलणार आहे, हे ओळखून त्याची वाट पाहण्याइतके डोके थंड असावे लागते, आणि यॉर्कचे ते होते.

ऑगस्ट १९९८ मध्ये युनायटेडने त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले. त्या वेळी अनेकांना ही रक्कम जास्त वाटली, कारण युनायटेडकडे अँडी कोल, टेडी शेरिंगहॅम आणि ओले गुन्नार सोल्सकियर हे तिघे आधीच होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साउदॅम्प्टनविरुद्ध युनायटेडचे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी यॉर्क आणि कोल यांना एकत्र उतरवले. ३-० च्या त्या विजयात दोघांनीही गोल केले आणि जोडी जमली. कोल हा तोवर एकलकोंडा गोल करणारा म्हणून ओळखला जाई. यॉर्कमुळे त्याचा खेळ खुलला, असे मी जबाबदारीने म्हणतो, कारण यॉर्क मागे येऊन चेंडू घेत असल्याने एक बचावपटू त्याच्यासोबत ओढला जाई आणि कोलला धावण्यासाठी मोकळी जागा मिळे.

याचा सर्वांत सुंदर नमुना २५ नोव्हेंबर १९९८ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये, बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ या मैदानावर पाहायला मिळाला. उत्तरार्धाची काही मिनिटे झाली होती आणि सामना १-१ असा होता. युनायटेडचा कर्णधार रॉय कीनने मधूनच पुढे पास दिला. यॉर्क त्या चेंडूकडे धावत आला, त्यामुळे तो चेंडू घेणार असेच बार्सिलोनाच्या बचावपटूला वाटले. पण यॉर्कने तो पायाखालून जाऊ दिला आणि मागे उभ्या असलेल्या कोलकडे पोहोचू दिला. तोवर यॉर्क वळून पुढे निघाला होता. कोलने एकाच स्पर्शात चेंडू त्याला दिला, यॉर्कने एकाच स्पर्शात परत दिला, आणि कोलने गोलरक्षक रूड हेस्पला हलण्याची संधी न देता तो कोपऱ्यात मारला. या गोलात यॉर्कने चेंडूला फक्त एकदा पाय लावला. मी हा गोल मुलांना दाखवतो तेव्हा आधी चेंडू झाकून फक्त यॉर्कच्या हालचाली पाहायला सांगतो : चेंडूकडे येणे, न घेणे, वळणे, धावणे, देणे. त्या रात्री यॉर्कने स्वतः दोन गोल केले, रिव्हाल्डोनेही दोन केले आणि सामना ३-३ असा बरोबरीत सुटला.

उपांत्यपूर्व फेरीत इंटर मिलानविरुद्ध बेकहॅमच्या दोन क्रॉसवर यॉर्कने डोक्याने दोन गोल केले. उपांत्य फेरीत तुरिनमध्ये युव्हेंटसच्या फिलिपो इन्झागीच्या दोन गोलांमुळे युनायटेड अकरा मिनिटांतच ०-२ असा मागे पडला होता. कीनने एक गोल फेडला, कोलच्या क्रॉसवर यॉर्कने डोक्याने बरोबरी साधली, आणि अखेरीस दोन बचावपटूंमधून निसटलेल्या यॉर्कला गोलरक्षक पेरुझीने पाडले असता पंचांनी खेळ चालू ठेवला व मोकळा झालेला चेंडू कोलने जाळ्यात ढकलला. अंतिम सामन्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या मोसमात यॉर्कचे सर्व स्पर्धांतील गोल २९ होते. त्यांपैकी १८ लीगमध्ये, आणि त्याबद्दल मायकेल ओवेन व जिमी फ्लॉइड हॅसेलबेंक यांच्यासह त्याला सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट मिळाला. युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे एकाच मोसमात जिंकली.

आता ‘एका मोसमाचा’ या आरोपाकडे येतो. पुढच्याच मोसमात, १९९९-२००० मध्ये, त्याने लीगमध्ये २० गोल केले, म्हणजे गाजलेल्या मोसमापेक्षा दोन अधिक. फेब्रुवारी २००१ मध्ये आर्सेनलचा ६-१ असा धुव्वा उडाला त्यात पहिल्या बावीस मिनिटांत त्याची हॅट्ट्रिक पूर्ण झाली होती. सलग तीन लीग विजेतेपदांत त्याचा वाटा होता. हे खरे की, त्या तिसऱ्या मोसमात त्याचे गोल घटले, तयारीतील सातत्य कमी झाले आणि मैदानाबाहेरच्या त्याच्या जीवनशैलीवर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. तरीही त्याला बाहेर जावे लागण्याचे मोठे कारण खेळाच्या रचनेत होते, असे माझे मत आहे. २००१ च्या उन्हाळ्यात रूड व्हॅन निस्टलरॉय आणि हुआन सेबास्तियन वेरॉन आले, एकच फॉरवर्ड पुढे ठेवून मागून पॉल स्कोल्सने यावे अशी मांडणी होऊ लागली, आणि जोडीने खेळण्यात ज्याची खरी ताकद होती त्याला जोडीच उरली नाही. कोलने त्या डिसेंबरमध्ये ब्लॅकबर्न गाठले, यॉर्क २००२ मध्ये त्याच्या पाठोपाठ तिथेच गेला. ब्लॅकबर्न आणि नंतर बर्मिंगहॅम सिटी येथील काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकूण प्रीमियर लीगमध्ये त्याने १२३ गोल केले, आणि अर्जेंटिनाच्या सर्जिओ अग्वेरोने मागे टाकेपर्यंत युरोपबाहेरच्या खेळाडूंत हा आकडा सर्वाधिक होता. एका मोसमाच्या खेळाडूच्या नावावर असा विक्रम नसतो.

२००५ मध्ये तो सिडनी एफसीत गेला तेव्हा ऑस्ट्रेलियाची ए-लीग नुकतीच सुरू होत होती. उतारवयात निवांत खेळून पैसे मिळवायला तो चालला आहे, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. प्रत्यक्षात पिअर लिटबार्स्की यांच्या त्या संघात तो हळूहळू मागे सरकत मिडफिल्डमध्ये स्थिरावला. ५ मार्च २००६ रोजी सेंट्रल कोस्ट मरिनर्सविरुद्धच्या पहिल्यावहिल्या ग्रँड फायनलमध्ये स्टीव्ह कोरिकाच्या एकमेव गोलासाठी चेंडू यॉर्कनेच दिला, आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूसाठीचे जो मार्स्टन पदकही त्यालाच मिळाले. खेळाडू म्हणून त्याचे दुसरे आयुष्य इथे सुरू झाले, असे मी मानतो.

राष्ट्रीय संघापासून मधली काही वर्षे तो दूर होता. २००६ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीत तो परतला तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. अखेरच्या सहा संघांच्या फेरीतील पहिल्या तीन सामन्यांतून जेमतेम एक गुण हाती लागला होता, आणि एप्रिल २००५ मध्ये बर्टिल सेंट क्लेअर यांच्या जागी, म्हणजे लहानपणी यॉर्कला घडवणाऱ्या त्याच गुरूच्या जागी, नेदरलँड्सचे लिओ बीनहाकर यांना आणावे लागले. यॉर्क कर्णधार होता. आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडून दिलेल्या लटापीला परत आणण्यात यॉर्कच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. १९८९ च्या त्या संध्याकाळचे हे दोघे साक्षीदार पुन्हा एकत्र खेळू लागले. अखेरच्या सामन्यात स्टर्न जॉनच्या दोन गोलांनी मेक्सिकोला २-१ असे हरवून संघाने चौथे स्थान मिळवले आणि आशियातील बहारीनशी प्ले-ऑफ ठरला.

घरचा पहिला सामना १-१ असा सुटला, तोही ख्रिस बर्चलने उत्तरार्धात दुरून मारलेल्या जबरदस्त फटक्यामुळे. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा तरुण आईच्या पोर्ट ऑफ स्पेनमधील जन्मामुळे या संघात आला होता आणि पोर्ट व्हेलकडून खेळत होता. दुसरा सामना १६ नोव्हेंबर २००५ रोजी मनामा येथे झाला. उत्तरार्ध सुरू होऊन चारच मिनिटे झाली असताना यॉर्कने कॉर्नर घेतला. गोलसमोर रेक्सहॅमचा सहा फूट सात इंच उंचीचा बचावपटू डेनिस लॉरेन्स होता. अशा उंच खेळाडूसाठी कॉर्नर टाकताना चेंडू नुसता वर उडवण्याचा मोह होतो, पण तसा चेंडू गोलरक्षकाला पुढे येऊन घेता येतो. यॉर्कचा चेंडू वेगाने आणि वळत आला, त्यामुळे लॉरेन्सला फक्त डोके लावून दिशा द्यावी लागली. सामन्याच्या शेवटी बहारीनने चेंडू जाळ्यात घातला होता, परंतु गोलरक्षक केल्विन जॅक हातातला चेंडू मारायला जात असताना तो मध्येच पाय घालून काढून घेतल्यामुळे पंचांनी गोल नाकारला. १९८९ च्या पराभवाला तीन दिवस कमी सोळा वर्षे झाली होती. विश्वचषकाला पात्र ठरलेला तो तोवरचा सर्वांत कमी लोकसंख्येचा देश होता.

१० जून २००६ रोजी डॉर्टमुंडमध्ये स्वीडनविरुद्ध संघ उतरला तेव्हा समोर झ्लाटान इब्राहिमोविच, हेन्रिक लार्सन आणि फ्रेडी ल्युंगबर्ग होते. सरावादरम्यान केल्विन जॅक जायबंदी झाल्याने ऐनवेळी शाका हिसलॉपला गोलमध्ये उभे राहावे लागले, आणि उत्तरार्ध सुरू होताच अ‍ॅव्हरी जॉनला दुसरे पिवळे कार्ड मिळून संघ दहा जणांवर आला. कोणताही सावध प्रशिक्षक अशा वेळी बचावपटू आत आणेल. बीनहाकर यांनी कॉर्नेल ग्लेन हा फॉरवर्ड आणला, आणि त्याचा फटका क्रॉसबारवर आदळला. हा धोका त्यांना पत्करता आला, कारण बचावफळीच्या पुढ्यात यॉर्क होता. त्या दिवशी त्याने केलेली कामे आकडेवारीत दिसत नाहीत : दोन सेंटर-बॅकच्या मधली जागा झाकणे, चेंडू मिळाल्यावर तो घाईने भिरकावून न देता स्वतःकडे ठेवून संघाला श्वास घ्यायला वेळ देणे, आणि सतत हाताने खुणा करून तरुण सहकाऱ्यांना जागेवर ठेवणे. सामना ०-० असा संपला. त्यानंतर इंग्लंडने न्यूरेंबर्गमध्ये त्यांना २-० असे हरवले खरे, पण पहिला गोल पीटर क्राउचने केला तो ८३ व्या मिनिटाला. पॅराग्वेविरुद्धचा सामनाही ०-२ असा गेला. त्यात सदतीस वर्षांच्या लटापीला अखेर विश्वचषकात खेळायला मिळाले. एक गुण आणि शून्य गोल, एवढीच त्या स्पर्धेची नोंद आहे, आणि तरीही यॉर्कच्या सर्व पदकांपेक्षा मी स्वीडनविरुद्धची ती नव्वद मिनिटे वर ठेवतो.

त्यानंतर इंग्लंडमधील सुंदरलँडचा व्यवस्थापक झालेल्या रॉय कीनने त्याला तिथे नेले. तिथेही तो मिडफिल्डरच होता, आणि २००६-०७ मध्ये संघ चॅम्पियनशिप ही दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेला. ज्याने युनायटेडमध्ये रोज त्याच्यासोबत सराव केला, त्या कीनसारख्या कठोर माणसाने पस्तिशीकडे झुकलेल्या यॉर्कला बोलवावे, ही त्याच्या व्यावसायिकतेची मोठी पावती आहे.

तरुण आघाडीपटूने काय घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे वर आलेच आहे. माझा आग्रह एवढाच असतो की, चौदा-पंधरा वर्षांच्या फॉरवर्डला आठवड्यातून काही वेळ मिडफिल्डमध्ये खेळवावे आणि पाठीवर खेळाडू घेऊन चेंडू राखण्याचा सराव रोज द्यावा. आपल्याकडे शालेय आणि जिल्हा पातळीवर वेगवान मुलाला पुढे उभे करून लांब चेंडू टाकायची पद्धत इतकी रुळली आहे की, वेग उतरला की तो मुलगा पंचविशीतच निरुपयोगी ठरतो. कॅरिबियन खेळाडू आपल्याकडेही खेळून गेले आहेत, त्यांचे जुने सामने या दृष्टीने जरूर पाहावेत. स्वीडनविरुद्ध क्रॉसबार हलवणारा तोच कॉर्नेल ग्लेन पुढे शिलाँग लाजोंग, नॉर्थईस्ट युनायटेड आणि मोहन बागानकडून खेळला. हैतीचा सोनी नॉर्दे मोहन बागानचा लाडका होता आणि इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीकडून खेळला; बगलेवरून आत येताना तो चेंडू किती वेळ आणि किती निश्चिंतपणे राखत असे, हे आपल्या प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

प्रशिक्षक म्हणून यॉर्कची वाटचाल आतापर्यंत संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियातील मॅकआर्थर एफसीला त्याने २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया कप जिंकून दिला, आणि २०२४ च्या अखेरीस त्याच्याकडे त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे आली. २०२६ च्या विश्वचषकासाठी संघ पात्र ठरू शकला नाही. त्यांच्याच गटातून दीड लाखांच्या आसपास वस्तीचा कुरासाव गेला. खेळाडू यॉर्क आणि प्रशिक्षक यॉर्क यांची मापे वेगळी ठेवावीत.

सामने पाहायचेच असतील, तर क्रम असा ठेवावा : आधी कॅम्प नोऊवरचा ३-३ चा सामना, नंतर तुरिनमधली उपांत्य लढत, आणि मग स्वीडनविरुद्धचा डॉर्टमुंडचा सामना संपूर्ण, संक्षिप्त चित्रण नव्हे. त्या तिसऱ्या सामन्यात अ‍ॅव्हरी जॉन बाहेर गेल्यानंतरची पंधरा मिनिटे चेंडूवरची नजर काढून फक्त १९ क्रमांकाच्या खेळाडूकडे पाहावे.